चाल वहिनीचीच

माझ्या धाकट्या दिरानं माझी चाल चोरली, तेव्हा मी भांडले नाही. भांडायला समोरच्याला थोडी तरी लाज असावी लागते.

मागच्या खोलीत माझं रेकॉर्ड कोरायचं यंत्र आहे. भंगारातून आणलं, आठ महिने खपून चालू केलं. डीजे लोकांना मी त्यावर एकेक रेकॉर्ड कोरून देते. कोरी तबकडी फिरत राहते, वरची सुई तिच्यात चर पाडत आत सरकते आणि केसासारखा काळा धागा निघतो. तो नळीनं लगेच ओढून घ्यायचा. गुंतला की सगळं मुसळ केरात. दीर स्वतः डीजे. हात चांगला, कान बरा, आणि जिभेबद्दल तर विचारूच नका.

ती चाल मला इस्त्री करताना सुचली होती. सात आठवडे मी तिच्या मागे होते. तयार झाल्यावर पहिल्यांदा दिरांनाच ऐकवली, कारण घरात दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळत नाही. महिन्याभरात समजलं, की तीच चाल स्वतःची म्हणून लावून स्वारी डीजेंच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचली आहे. जिंकणाऱ्याची चाल एक कंपनी रेकॉर्डवर छापून विकणार होती, वर त्याच्या नावाचं लेबल लावून. एकदा ते नाव छापलं, की माझी चाल कायमची गेली.

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला, "घरचाच आहे तो."

घरचा आहे म्हणूनच तर अंगाचा तिळपापड झाला. माझ्या हातचं जेवून माझ्याच तोंडावर ढेकर!

त्याच आठवड्यात एका नव्या चालीसाठी चमच्याचा आवाज टिपायला मी माइक चालू केला आणि चमचा आणायला स्वयंपाकघरात गेले. परत येते तो दीर माझ्या खोलीत उभे राहून मित्राशी फोनवर बोलताहेत. मला बघताच फोन खिशात. माइककडे मात्र त्यांचं लक्ष गेलं नाही. ते गेल्यावर माइकनं टिपलेलं मी ऐकलं: "चाल वहिनीचीच, पण कळणार कुणाला?" आणि वर खीखी हसणं.

ते हसणं मी तीनदा ऐकलं. मग मला फार शांत वाटायला लागलं.

दोन दिवसांनी ते आले. "वहिनी, फायनलला वाजवायला ती चाल कोरून द्या ना. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

"देते की, भाऊजी. पण घरी वाजवून बघू नका हं. मऊ असते, दर वेळी झिजते."

यात खोटं काहीच नव्हतं. अशी रेकॉर्ड डीजे जपून ठेवतात आणि थेट कार्यक्रमातच वाजवतात.

सुईला आत सरकवणारा एक स्क्रू असतो. तो थांबवला, की चर फिरून स्वतःलाच मिळतो, आणि वाजवताना सुई त्या एकाच फेरीत अडकते. मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगाला एक फेरी म्हणजे एक पूर्णांक आठ सेकंद. दिरांचं वाक्य हसणं कापून तेवढ्यात बरोबर बसलं. त्यांनी माझी चाल चोरली होती, आता मी माझी चाल खेळणार होते. चार तबकड्या वाया गेल्या, पाचवी जमली: एक मिनिटभर चाल, आणि पुढे तो बंद चर.

रविवारी दुपारी फायनलला सभागृह गच्च भरलं होतं, मीही प्रेक्षकांत बसले होते. दिरांनी सुई टेकवली. माझी चाल सुरू झाली, लोक डोलायला लागले. मिनिट सरलं.

"चाल वहिनीचीच, पण कळणार कुणाला? चाल वहिनीचीच, पण कळणार कुणाला?"

दिरांचा चेहरा पांढराफटक पडला. मला काय गार वाटलं म्हणून सांगू! पण ते गार वाटणं चारच फेऱ्या टिकलं. त्यांनी दुसऱ्या रेकॉर्डवरचा ठेका त्या वाक्याखाली सरकवला, आणि तो चपखल बसला. बसणारच. ठेका सोडून काही कोरायला माझा हातच वळत नाही, म्हणून ते वाक्यही मी तालातच कोरलं होतं. लोकांना वाटलं, काय कल्पना आहे! उड्या मारत सगळे तेच म्हणायला लागले. परीक्षक माना डोलावत होते. माझ्याच सुडावर दीर स्पर्धा जिंकत होते!

मी उठले आणि सरळ मंचावर चढले. दिरांना कोपरानं बाजूला सारलं आणि ठेक्याची कळ खाली ओढली. उरलं फक्त वाक्य, त्यांच्या स्वतःच्या आवाजात. उड्या थांबल्या. लोक ऐकायला लागले.

"ही वहिनी कोण?" परीक्षक बाईंनी विचारलं.

मी माइक दिरांच्या तोंडासमोर धरला.

"सांगा ना, भाऊजी."

"याच," ते पुटपुटले. "चाल यांची आहे."

"मोठ्यानं."

"चाल यांची आहे! मी चोरली!"

परीक्षक बाईंनी कागदावरचं नाव खोडलं आणि माझं विचारलं. मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. रेकॉर्ड फिरतच होती. दिरांनी सुईकडे हात नेला आणि खालच्या मानेनं विचारलं, "वहिनी, आता थांबवू?"

"नाही," मी म्हटलं.