दुसऱ्या फेरीत थांबवलेली लढत

शनिवारी संध्याकाळी सव्वासात वाजता, दुसऱ्या फेरीत, पंचांनी लढत थांबवली. त्यांनी दोन्ही मुलींच्या मध्ये गुडघा घातला, हात पिळणारीच्या खांद्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "सोड. झालं."

पिंजऱ्याच्या जाळीबाहेर थापी टॉवेल घेऊन उभा होता. प्रशिक्षकाने टॉवेल आत टाकला की त्याच्या बाजूने हार मान्य, असा नियम आहे. थापीने तो टाकलेला नव्हता. टॉवेल खांद्यावर टाकून तो आत गेला, तेव्हा त्याची मुलगी उठून उभी राहिली होती आणि डावं कोपर उजव्या हातात धरून पंचांना सांगत होती, "मी टॅप नाही केलं. तुम्ही पाहिलंत का मला टॅप करताना?"

"नाही पाहिलं," पंच म्हणाले.

"मग?"

"मग थांबवली."

ठोसे आणि कुस्ती दोन्ही चालणाऱ्या या खेळात हरणाऱ्याने दोनदा थोपटायचं असतं, समोरच्याच्या अंगावर किंवा जमिनीवर. त्याला सगळे टॅप म्हणतात. थोपटलं की समोरचा त्याच क्षणी सोडतो. हात मोडायच्या बेताला आला आणि तरी कोणी थोपटत नसेल, तर पंच स्वतःहून लढत थांबवू शकतो. तो बेत नेमका कुठे सुरू होतो, हे त्याच्या नजरेवर सोडलेलं आहे.

डॉक्टरांनी कोपर दाबून, वळवून पाहिलं. थोडी सूज होती, बाकी काही नाही. मुलीच्या मनाला तेच लागलं.

"बघितलंस? काही झालेलं नाही," ती कपडे बदलायच्या खोलीबाहेर बापाला म्हणाली. "बाबा, खरं सांग. सुटत होते की नाही मी?"

थापीने तिच्या मनगटावरची पट्टी कापायला घेतली. "अंगठा वळला होता तुझा," तो म्हणाला.

तिला एवढंच ऐकायचं होतं. पाठीवर पडून कोणी दोन्ही पायांच्या कात्रीत हात ताणतो, तेव्हा सुटायची वाट अंगठ्यापासून सुरू होते. अंगठा वळला तर कोपर वळतं, कोपर वळलं तर अंग फिरवता येतं. ही वाट तिला थापीनेच शिकवली होती.

थापी हे त्याचं नाव नव्हे. तो गिलावा करणारा गवंडी. तरुणपणी कामावरून थेट सरावाला यायचा, केसांत सिमेंट तसंच. पहिल्याच दिवशी तिथल्या कोणीतरी "या थापीला आधी आंघोळ घाला रे" असं म्हटलं आणि तेच नाव पुढे फलकांवर छापून आलं. त्याला थोडं बॉक्सिंग येत होतं, जमिनीवर पडून लढणं येत नव्हतं. बहुतेक लढती तो हरला. ज्या जिंकल्या, त्यांतली एकच लोकांच्या लक्षात राहिली. बाजाराच्या शेडमध्ये, मास्तर नावाच्या ज्यूदोवाल्याविरुद्धची. त्या लढतीचा कप घरात फ्रिजवर आहे. थापीची बायको त्यात पेनं आणि कात्री ठेवते.

ते मास्तर आता लढतींना पंच म्हणून उभे राहतात. शनिवारी पिंजऱ्यात तेच होते.

घरी बायकोने दार उघडलं आणि आधी मुलीचा हात पाहिला. ती औषधांच्या दुकानात काम करते. लढती बघायला कधीच येत नाही, पण बर्फाच्या पिशव्या लढतीच्या दिवशी सकाळीच तयार ठेवते.

"हरलीस?"

"हरवलं मला."

"बरं, हात पुढे कर."

मुलगी जेवली नाही. मोठ्या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचा माणूस पहिल्या रांगेत बसला होता. या मोसमात एकही लढत न हरलेल्या मुलींनाच करार द्यायचा, असं त्याने आधी सांगितलं होतं. ती शनिवारपर्यंत हरलेली नव्हती. निघण्याआधीच तिने समितीकडे पंचांविरुद्ध तक्रार दिली होती. ती मान्य झाली, तर लढत बेनिकाली ठरते आणि नावापुढे हार लागत नाही.

"कॅमेऱ्यात काही दिसत नाही," ती फोनवर तेच तेच दृश्य पुढेमागे करत म्हणाली. "तिची मांडी मध्ये येते. अंगठा फक्त तू पाहिलास आणि त्या म्हाताऱ्याने. मंगळवारी समिती दोघांना विचारणार आहे."

"त्यांना म्हातारा म्हणू नकोस."

"तुझ्याकडून हरल्याचा राग काढला त्याने माझ्यावर."

"तसं नाहीये ते."

"मग कसं आहे?"

थापी उठला आणि पाण्याचा ग्लास विसळून आला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. कसं आहे ते तिला माहीत होतं. या घरात ते मुलीला कोणी सांगितलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी तो मास्तरांकडे गेला. मास्तर शाळेच्या सभागृहात लहान मुलांना ज्यूदो शिकवतात. शाळेतून निवृत्त झाले तरी किल्ली त्यांच्याकडेच आहे. ते गुडघे टेकून गाद्या पुसत होते. बाजूला फिनेलच्या पाण्याची बादली होती.

"बूट बाहेर," वर न बघता ते म्हणाले.

"बाहेरच आहेत."

"अरे, तू होय. कोपर कसं आहे पोरीचं?"

"ठीक आहे. सूज उतरली."

"छान." त्यांनी फडकं पिळलं. "मंगळवारी मलाही बोलावलंय. याआधीची एक तक्रार यंदा माझ्याविरुद्ध गेली आहे. ही गेली तर पंचांच्या यादीतून नाव काढतील. तसं कळवलंय त्यांनी, गोड भाषेत."

थापी दुसरं फडकं घेऊन गादीच्या दुसऱ्या टोकाला बसला. थोडा वेळ दोघांनी पुसलं.

"मास्तर, अंगठा वळला होता तिचा."

"पाहिला मी."

"तरी थांबवलीत?"

"अंगठा वळला होता. खांदा अजून अडकलेला होता. सुटली असती किंवा हात मोडला असता. मला दोन्ही दिसत होतं. तुला?"

"मलाही."

"मग तू टॉवेल का नाही टाकलास?"

थापीने फडकं बादलीत बुडवलं. मास्तरांनी ते धरून ठेवलं नाही. "जे पाहिलंस ते सांग," ते म्हणाले. "माझी काळजी करू नकोस. शनिवार-रविवार घरी मिळाला, तर बायको मला ओळखायला लागेल."

थापी हसला. मग इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न त्याने विचारला. बाजाराच्या शेडमध्ये मास्तरांनी त्याचा उजवा हात असाच धरला होता. त्याचा अंगठा वळलेला नव्हता, त्याला वळवायचा असतो हेही ठाऊक नव्हतं. पंच चुकीच्या बाजूला उभा होता. थोपटायचं नाही असं थापीने ठरवलं होतं, कारण बायको तीन वर्षांच्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच बघायला आली होती. कोपरात काहीतरी ताणलं गेलं, आता जातंय हे कळलं, आणि अचानक मास्तरांचे गुडघे उघडले. तो सुटला, वर बसला आणि मिनिटाभरात जिंकला. नंतर मास्तर म्हणाले होते, "घाम फार आला होता, निसटलास."

"तेव्हा तुम्ही सोडलात ना?"

मास्तर मागे टेकून बसले. "खरं सांगू? मलाच माहीत नाही. लहान पोरांना शिकवतो मी. त्यांना कधी थोपटायचं कळत नाही, म्हणून कोपर ताठ झालं की माझे पाय आपोआप उघडतात. ती सवय असेल. घामही होता. तुझ्या बायकोचा चेहरा दिसला होता, तेही असेल. तू उगाच इतकी वर्षं डोक्यावर घेऊन फिरलास."

"डोक्यावर कुठे," थापी म्हणाला. "हातात होतं."

मास्तरांनी बादली त्याच्याकडे सरकवली. "त्या कोपऱ्यात पोरं लिमलेटच्या गोळ्या चिकटवतात. तिथे जोर लाव."

मंगळवारी अकरा वाजता समिती बसली. तिघेजण होते आणि प्रश्न अध्यक्षबाई विचारत होत्या. मास्तरांचं म्हणणं आधी झालं आणि ते बाहेर जाऊन बसले. मुलगी मागच्या खुर्चीवर होती. तिचा हात झोळीत नव्हता. मुद्दामच.

"तुम्ही काय पाहिलंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"अंगठा वळला होता. ती फिरायला लागली होती."

"म्हणजे सुटली असती?"

"सुटली असती किंवा हात गेला असता. थांबवायची वेळ थोडी आधी होती, असं माझं मत आहे."

मागे खुर्ची वाजली. मुलगी पुढे सरकून बसली होती.

"पंचांशी तुमची जुनी ओळख आहे. ते तुमच्याकडून हरले होते. त्यामुळे त्यांच्या मनात काही असेल, असं तक्रारीत म्हटलंय."

"ते चुकीचं आहे," थापी म्हणाला. "तेवढं खोडा."

मग त्याने शेडमधली लढत सांगितली. न थोपटलेला हात, उघडलेले गुडघे, सगळं. सावकाश सांगितलं, कारण टिपून घेणाऱ्या बाई मागे पडत होत्या. ते झाल्यावर त्याने उजव्या हाताची बाही वर केली, कोपर वाकवून सरळ केलं आणि बाही पुन्हा खाली ओढली.

"सव्वीस वर्षं गिलावा करतोय," तो म्हणाला. "हात वर धरून करायचं काम आहे. छताचं तर जास्तच. त्या दिवशी हात गेला असता, तर मी दुसरं काय केलं असतं, मला माहीत नाही. हिची फी, हिचा सराव, घर, सगळं या हाताने झालं. तो कप खरं तर त्यांचा आहे. आमच्याकडे त्यात पेनं ठेवतात."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही तक्रारीच्या बाजूने बोलताय की पंचांचे आभार मानताय? मला नीट लिहायचं आहे."

"तक्रार तिची आहे आणि अंगठ्याचं मी सांगितलं ते खरं आहे. आभार माझे आहेत. दोन्ही लिहून घ्या."

बाहेर मास्तर बाकावर बसल्या बसल्या डुलकी घेत होते. मुलगी त्यांच्यासमोरून गेली, थांबली आणि पुढे निघाली. घरी जाताना बसमध्ये ती खिडकीकडे बघत होती. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू सगळ्यांना सांगायचीस, माझ्या बाबाने मास्तरला पाडलं. शाळेत निबंधही लिहिला होतास."

"त्यात दहापैकी आठ मिळाले होते," ती म्हणाली. रात्री तिने फ्रिजवरचा कप खाली घेतला, बघितला आणि पेनं होती तशीच परत ठेवली.

बुधवारी थापी एका नव्या इमारतीत जिन्याच्या छताला गिलावा करत होता. दुपारी मुलगी डबा घेऊन आली. एरवी डबा बायको देते किंवा तो स्वतः नेतो. तिने डबा पायरीवर ठेवला आणि परातीइतकं मोठं, सिमेंटच्या मालाने भरलेलं घमेलं दोन्ही हातांनी उचलून त्याच्या फळीवर चढवलं. डावं कोपर पूर्ण सरळ झालं. तिने ओठ आवळले, पण हात खाली घेतला नाही.

"दुखतंय?"

"थोडं."

"मग राहू दे."

"राहू दे काय. पकड."

त्याने घमेलं पकडलं. वरून त्याला तिच्या पँटचे दोन्ही गुडघे ओले दिसले. फिनेलचा वास येत होता. कुठे गेली होतीस, असं त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तिथे काय बोलणं झालं, तक्रार ती मागे घेणार की ठेवणार, ते घरात अजून कोणाला माहीत नाही.

समितीचा निकाल शुक्रवारी लागणार आहे.