पिवळी गोळी

माझ्या लेकीला फिट यायच्या. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. पांढरी फिटची, पिवळी मनाची. म्हणाले, "मेंदूत सेरोटोनिन म्हणून एक रसायन असतं. ते कमी पडलं की मन खचतं, आणि फिटशीही त्याचा संबंध असावा. दोन्ही चुकवू नका."

घरी येऊन मी सुनावलं, "फिट डोळ्यांना दिसते, तिला औषध ठीक. उदासीला कसलं औषध? चार झबली जास्त शिव, जाईल." आमच्या घराण्यात वेडाची गोळी कोणी खाल्ली नव्हती. पिवळ्या मी बटणांच्या डब्यात तळाशी दडपल्या.

"आई, आत अंधारून येतं गं."

"मग दिवा लाव!" माझ्या जिभेला हाड नाही.

हळूहळू तिचं जेवण सुटलं, बोलणं सुटलं. एका दुपारी शिवता शिवता फिट आली, ती परत उठलीच नाही. मागाहून तिच्या शिलाई मशीनच्या खणात पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं सापडली, न फोडलेली. जगावंसंच वाटेना, तर पोर फिटची गोळी कशाला घेईल?

परवा डॉक्टरांनी तीच पिवळी गोळी मला लिहून दिली. बटणांच्या डब्याला हात लावायला मी अजून धजत नाही.