सोजरबाईचा पाट

आई सकाळी गेली. दुपारी पुंजाजी आले. आमच्या माळी जातीचे पंच. वय झालेलं, तरी फेटा नीट बांधलेला. त्यांनी आईच्या पायांकडे पाहून हात जोडले आणि मला बाहेर बोलावलं.

"पाह्य माय," ते म्हणाले, "तुह्या मायले, सोजरले, जातीत घेऊ. पाट लागलाच नोता, नुसती त्याच्यापाशी राह्यली व्हती, एवढं म्हन. मंग दंड, एक जेवन, अन् मिटलं. चार खांदे आमी देऊ. आग तुह्या मामाचा, मारोतरावचा, पोरगा देईन."

"आणि बाबा?"

"त्याईले चालू द्या ना बाजूनं. कोन अडवते?"

बाबा विहिरीवर होते. आईच्या अंघोळीचं पाणी कोणाला काढू द्यायला ते तयार नव्हते.

"पुंजाजीमामा," मी म्हटलं, "तुम्ही एकदा चावडीत साक्ष दिली आहे. ती आज फिरवायची?"

ती साक्ष आम्हा दोघांनाही आठवत होती.

बाबा इटलीचे. नाव पेत्रो. कारंज्यातल्या एका कापसाच्या जिनात इंजिन बसवायला फिटर म्हणून आले आणि राहिले. आई लहानपणीच विधवा झालेली. आजोबांनी नावावर करून दिलेल्या मळ्यातली वांगी, मिरच्या, सांभाराच्या जुड्या बाजारात आणून विकायची. बाबांना लग्न करायचं होतं. पाद्र्यानं आधी बाप्तिस्मा घ्यायला सांगितलं. आई म्हणाली, "देव बदलून नवरा भेटत असंल, तं थो देवाचा नवरा. माहा नाई." मग आमच्यात विधवेचा लागतो तसा पाट लागला. अंधार पडल्यावर, एकाही सवाष्णीला न बोलावता. पदराला गाठ बांधली म्हाताऱ्या रंगूबाईनं. जातीनं आईला बाहेर काढलं आणि त्या दिवसापासून सगळं कारंजं तिला 'मिस्त्रीची ठेवलेली' म्हणू लागलं. मी शाळेत हे नाव ऐकत मोठी झाले.

सन चाळीसच्या उन्हाळ्यात इटली लढाईत उतरली आणि बाबा एका दुपारी शत्रू ठरले. जिनातूनच त्यांना नेलं. पुढे थंडीत कळलं, की घाटावर एका छावणीत अशा कैद्यांच्या बायकांना नवऱ्याजवळ राहता येतं. आईनं त्याच दिवशी अर्ज करायला लावला. मी तेव्हा अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवत होते. रजा घेऊन आले. वाचनालयात बसून कायदा वाचला होता. जो देश नवऱ्याचा, तोच बायकोचा. विलायतेतल्या मडमांनाही तोच नियम. मी मात्र इथं जन्मले म्हणून इथलीच.

चौकशीला फौजदार आले. चावडीत आई, मी, मारोतराव मामा आणि पंच म्हणून पुंजाजी.

"बाई, नीट ऐका," फौजदार म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "तुम्ही त्याच्या लग्नाच्या बायको नसाल, तर तुम्ही सरकारची रयत. घरी जा, मळा करा, कोणी विचारणार नाही. बायको असाल, तर तुम्ही परदेशी. शत्रूच्या देशातल्या. मळा सरकार ताब्यात घेईल आणि छावणीच्या तारेबाहेर पाऊल टाकायला परवानगी लागेल."

"पन त्याच्यापाशी राह्यता येईन?"

"येईल."

"मंग लिवा. बायको."

मारोतराव मामा मध्येच उठले. "सोजर, येडी झाली का तू? जिथं जलमली तिथंच परदेशी होतं का?"

"मी नाई होऊन राह्यली भाऊ. सरकार करून राह्यलं."

"साहेब," पुंजाजी घाईनं म्हणाले, "थे बायको नाई. आमच्या जातीत कोनी मानत नाई. ठेवलेली हाये." मग आईकडे वळून हलक्या आवाजात, "तुह्या भल्याचंच सांगून राह्यलो ना, बाई. मळा वाचते तुहा."

ते खरंच तिच्या भल्याचं सांगत होते. इतकी वर्षं जी शिवी होती, तीच त्यांनी त्या दिवशी औषधासारखी पुढे केली होती.

"रंगूबाई मेली," फौजदार म्हणाले. "कागद नाही. पंच नाही म्हणतात. मी कशावर लिहू?"

आई पुंजाजींच्या समोर जाऊन उभी राहिली.

"पुंजाजीभाऊ, जातीत कोनी बाई ठेवली, तं पंच काय करते?"

"दंड. अन् एक जेवन."

"मंग घेते ना तिले जातीत?"

"घेते."

"मले दंड मांगतला का कधी?"

पुंजाजींनी फेटा सारखा केला.

"जेवन मांगतलं? मी दोन डाव इचारलं व्हतं तुमाले. तुमी म्हनले, दंडानं मिटत नाई. कायमची भाईर. काहून, भाऊ? कायच्यासाठी दंडानं मिटत नोतं?"

"आता थे जुनं..."

"जुनंच सांगा. साहेबाले ऐकू द्या."

"अंधारातला पाट थो," पुंजाजी पुटपुटले. "त्याले का लगीन म्हनते?"

"पाट अंधारातच लागते, बाप्पा! तुही माय बी पाटाचीच. तिले कोनी ठेवलेली म्हनलं का?"

दाराशी उभा असलेला कोतवाल फिसकन हसला आणि फौजदारांनी डोळे वटारताच बाहेर सटकला. पुंजाजींचा चेहरा काळवंडला. ठेवलेली म्हणावं, तर पंचांनी दंडाच्या गुन्ह्याला जन्माची शिक्षा दिली असं होणार. सगळी जात तेवढाच प्रश्न विचारील. फौजदारांनी टाक दौतीत बुडवला.

"बोला पंच. या बाईला जातीबाहेर कशासाठी काढलं?"

पुंजाजींनी आईकडे पाठ केली.

"परजातीत पाट लावला म्हनून," ते म्हणाले.

फौजदारांनी लिहिलं. आईनं अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली.

बाहेर आल्यावर मामा रडू लागले. "मळा गेला, सोजर."

"मळा कुठं जाते? थो जागेवरच राह्यते. सरकार मानूस नेते." मग माझ्याकडे पाहून, "तू रडू नोको. पत्र लिवजो."

मी स्टेशनवर सोडायला गेले. छोट्या गाडीच्या डब्यात बायका तिला कुठं निघाली विचारत होत्या. "नवऱ्याच्या घरी," ती म्हणाली. गाडी सुटल्यावर मी उलट दिशेला चालू लागले. कायद्यानं आता आम्ही मायलेकी दोन देशांच्या होतो.

लढाई संपल्यावर दोघं परत आले. सरकारनं परत सोडलेल्या मळ्यात कंबरभर गवत होतं. बाबांनी मोटेचं चाक दुरुस्त केलं, आईनं वाफे पाडले. एकमेकांवर ओरडत, एका ताटात जेवत त्यांनी उरलेले दिवस काढले.

हे सगळं पुंजाजींना नव्यानं सांगायची गरज नव्हती. ते निघायच्या बेतात होते, तेवढ्यात बाबा पाण्याची घागर घेऊन आले. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. घागर खाली ठेवून ते पुंजाजींसमोर उभे राहिले. त्यांचं मराठी आईकडूनच शिकलेलं, तिच्याच तऱ्हेचं.

"पंच," ते म्हणाले, "आग मी देतो."

"मिस्त्री, मंग जातीतलं कोनी येनार नाई."

"नोको येऊ."

जातीतलं कोणी आलं नाही. बाजारात आईशेजारी बसणाऱ्या भाजीवाल्या आल्या. त्यांतल्या बेबीबाईनं पुढचा बांबू खांद्यावर घेतला, मी तिच्या बरोबरीनं दुसरा. बायका खांदा देतात म्हणून रस्त्यातली माणसं थांबून पाहत होती. बाबा विस्तवाचं मडकं धरून सगळ्यांच्या पुढे चालत होते. नवऱ्यानं चालावं तसे.

पुंजाजींच्या दारावरून जाताना ते थांबले. पुंजाजी ओट्यावर बसलेले होते.

"माही बायको हाये," बाबा म्हणाले. "तुमीच सांगतलं ना."

पुंजाजी उठून उभे राहिले. त्यांनी फेटा उतरवून हातात घेतला. बाबा पुढे चालू लागले.