तीन पूर्ण व्हायच्या आधी

कोरडी होती. तारामतीनं बोटांनी पुन्हा चाचपून पाहिली, झोपलेल्या तेजसच्या अंगावरची ती निळी, हत्तींची चित्रं असलेली, तळहाताएवढी चड्डी — पुढून, मागून, कडेच्या शिवणीपाशी... कोरडी. खालचं दुपटं कोरडं, त्याखालचं रबरी कापडसुद्धा कोरडं. दुपारची अख्खी झोप झाली होती आणि नातवानं थेंब सांडला नव्हता. आणि अशा वेळी तारामतीच्या मनात सगळ्यात आधी कोण यावं? तेजस नव्हे. पुण्याच्या विहीणबाई! आता कशा जातात बघते, असं ती जवळजवळ मोठ्यानं म्हणाली, आणि पोर जागं होईल म्हणून तिनं ओठ आवळले.

जायचं होतं जहाजावर. मागच्या महिन्यात जेवताना सुनेनं, रसिकानं, विषय काढला होता — तेजसला क्रूझवर न्यायचं, पण कोणत्या वयात? जहाजावर म्हणे मुलं सांभाळायची एक खोली असते, खेळणी, झोपाळे, सांभाळणाऱ्या बाया, सगळं; पण तीन वर्षं पूर्ण झालेलं आणि डायपर सुटलेलं मूलच तिथं घेतात. "म्हणजे बघ हर्ष," रसिका म्हणाली होती, "डायपर सुटलं तर थांबू. मार्चमध्ये तीन पूर्ण झाले की जाऊ, आपण तिघंच. नाही सुटलं तर किती वाट बघायची? दिवाळीतच जाऊ आणि मम्मीला बरोबर घेऊ. ती बघेल त्याला."

मम्मीला. तारामतीच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. दिवसभर, आईबाप ऑफिसातून येईपर्यंत, पोराला बघणारी बाई समोर उभी, आणि जहाजावर बघणार मम्मी! रसिकालाही ते जाणवलं असावं. "आई, तुम्हाला पाणी सोसत नाही ना... म्हणून म्हटलं."

कोण म्हणलं?... असं विचारायला हवं होतं तेव्हाच. पण हर्षवर्धन, पोटचा पोरगा, हसत सुटला. "अगं, नागार्जुनसागरला लाँचमध्ये केवढी उलटी झाली होती आईला!"

झाली होती. पण का झाली होती, हे कोण सांगणार त्याला? लाँचच्या कठड्यावरून वाकून हा पाण्याला हात लावायला बघत होता, चार वर्षांचा, अंगात नुसता वारा भरलेला. तिचे मालक हिम्मतराव पुढं कुणाशी तरी शेतीच्या गप्पा हाणत बसलेले. आणि ती सगळा वेळ याची कंबर धरून, खाली धावणाऱ्या पाण्याकडं बघत... त्यानं डोकं फिरलं. ती मिठी त्याला आठवत नव्हती. आठवत होती उलटी.

आणि विहीणबाई? त्यांना सगळं सोसतं. बँकेतून रिटायर झालेल्या, मानेपर्यंत कापलेले केस, पाठ ताठ. मागच्या खेपेला आल्या तेव्हा इथल्या सोसायटीच्या तलावात निळा पोहण्याचा पोशाख घालून खुशाल उतरल्या, तेजसला रबरी चक्रात बसवून गरागरा फिरवलं. पोरगं खिदळत होतं, टाळ्या पिटत होतं. तारामती काठावर टॉवेल घेऊन उभी. पोटात दुखलं तिच्या, साफ दुखलं. उगीच खोटं कशाला बोला? रात्री ताप उतरेपर्यंत जागायचं हिनं, भात कालवून घास घास भरवायचा हिनं, आणि संध्याकाळी फोनच्या पडद्यावर येऊन इंग्रजी गोष्ट वाचायची त्यांनी, की पोरगं पडद्याचे मुके घेतंय... आयत्या बिळावर नागोबा! खाली बागेत भेटणाऱ्या तेलुगू बायकांचं बरं असतं. आईची आई अम्मम्मा, बापाची आई नानम्मा. दोघींच्या खुर्च्या वेगळ्या. आमच्यात आजी एकच. त्या एका खुर्चीवर दोघींनी बसायचं, आणि एकीनं जरा ऐसपैस बसलं की दुसरी आपोआप खाली.

म्हणून दुसऱ्याच दिवशी तिनं पदर खोचला होता. 'आई, फोर्स नको हं, त्याचा तो शिकेल,' हे रसिकाचं पालुपद. शिकेल की! पण तोवर दिवाळी येईल ना. मलकपेठेच्या जुन्या घरी, पहाटे रेसचे घोडे फिरायला निघायच्या वेळेला उठून, तिनं हर्षवर्धनला मोरीत बसवला होता, तेव्हा कुठं होती डायपरं? तीच रीत तिनं या कुकटपल्लीच्या अकराव्या मजल्यावर काढली. दर थोड्या वेळानं बसवायचं, तोंडानं शूऽऽ करत राहायचं, आणि झाली की अर्धं उस्मानिया बिस्कीट. "वद्दु, आज्जी," असं तो खालच्या पोरांकडून उचललेल्या तेलुगूत ठणकावायचा, पाय ताठ करायचा. "नक्को कसं? बिस्कीट पायजे ना माझ्या राजाला?" ओल्या चड्ड्या, ओली गादी, कंबर मोडून पुसलेली फरशी... आणि प्रत्येक वेळी पुसताना डोळ्यांसमोर तो निळा पोशाख. प्रेमानं केलं असं कुणी म्हणालं असतं, तर तिनं मान डोलावली असती. पण तिचं तिला ठाऊक होतं.

आणि आज कोरडी. आता मार्च. आता तिघंच जाणार, आणि तो निळा पोशाख पुण्यातल्या कपाटात घडी होऊन पडणार... तारामती पलंगाच्या कडेवर बसली. आनंद झालाच होता तिला, झणझणीत झाला होता. पण तो तिखटासारखा वर आला आणि ओसरला, आणि ओसरल्यावर हर्षवर्धनचं त्या रात्रीचं दुसरं वाक्य वर आलं, जे तिनं तेव्हा कानाआड केलं होतं. तो रसिकाला म्हणाला होता, "दिवाळीत नेऊन काय उपयोग? तीनच्या आधीचं मुलांना काही आठवत नाही. पैसे पाण्यात."

काही आठवत नाही.

जहाज आठवणार नाही, एवढंच तिनं तेव्हा ऐकलं होतं. पण मग तो ताप? तो भात? शूऽऽ करत मोरीपाशी घालवलेल्या या दुपारी? हे सगळं तीनच्या आधीचंच की... चार वर्षांच्या हर्षवर्धनला कंबरेभोवतीचा हात आठवत नाही, याला तर काहीच उरायचं नाही. मार्चनंतर याला शाळेत घालणार आहेत. म्हणजे तिचा सगळा वाटा पुसल्या जाणाऱ्या भागात, आणि जे राहायचं ते पुढं, जिथं ती नाही.

"आज्जी, शू."

तो उठून बसला होता, केस उभे, गालावर उशीची घडी. ती उचलायला वाकली तर तिच्या हाताखालून निसटला, तुरुतुरु बाथरूमकडं गेला, आणि दारात वळला. "तू नको. बाहेर." दार त्यानं लोटलं. कडीपर्यंत हात पोचत नव्हता म्हणून, नाहीतर कडीही लावली असती बेट्यानं.

फोन वाजला. रोज याच वेळी वाजायचा, ऑफिसमधून, रसिकाचा. "आई, उठला का? आज काय, कोरडी राहिली का?"

हौ म्हणावं तर मार्च. नाही म्हणावं तर दिवाळी, आणि विहीणबाई... ज्या जहाजाच्या काठावर त्याला उचलून समुद्र दाखवतील, आणि पोरगं तो समुद्रही विसरेल. त्यांनाही. बाईनं गरागरा फिरवलेलं ते रबरी चक्र, त्या इंग्रजी गोष्टी, सगळं. विहीणबाईंचा एवढे दिवस जपलेला राग तिनं मनात शोधून पाहिला, पण हाताला लागेना. त्याच्या जागी त्या खोलीतल्या बाया उभ्या होत्या, खेळण्यांच्या, झोपाळ्यांच्या, जहाजावरच्या. नाव ना गाव. मार्चमध्ये त्यांच्यातली कुणीतरी तेजसला कडेवर घेईल, आणि ते मात्र त्याला आठवेल. त्या न पाहिलेल्या बाईवर तारामती नुसती जळली.

"आई? हॅलो? आवाज येतोय ना?"

"आज्जी!" आतून हाक आली. "झालं!"

आले, असं तोंडात आलेलं तिनं गिळलं. फोन कानाला तसाच धरून ती लोटलेल्या दाराबाहेर उभी राहिली, त्यानं आणखी एकदा हाक मारावी म्हणून.