उजव्या कमरेखालची उशी

मित्रांनो, मी शस्त्रक्रियागृहातली एक जुनी उशी आहे. डोक्याखालची नव्हे, कमरेखालची. एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळती, लाकडी पाचरीसारखी. उत्तर नॉर्वेतल्या एका बंदरगावच्या रुग्णालयात आस्लाउगबाईंनी मला शिडाच्या उरलेल्या कापडातून शिवलं. "वादळातसुद्धा उसवायची नाही ही," म्हणत त्यांनी शेवटचा दोरा दातांनी तोडला.

माझं काम सोपं होतं. सिझेरियनसाठी आई उताणी झोपली, की पोटातल्या बाळाचा भार मणक्याच्या उजव्या अंगाच्या मोठ्या शिरेवर पडतो. हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. त्यातच पाठीत भूल दिली, की रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब आणखी उतरतो. मग बाळालाही रक्त कमी पोचतं. म्हणून मला आईच्या उजव्या कमरेखाली सारायचं. ती जराशी डावीकडे कलली, की शीर मोकळी!

भूल देणारी डॉक्टर इंगुन आईच्या डोक्याशी उभी राहून मला हातानं चाचपून बसवायची. "चल गं म्हातारे, लाग कामाला," म्हणायची. ती हाक आठवली, की आजही माझ्या शिवणी ताणल्यासारख्या होतात.

एके सकाळी मारित नावाची कोळ्याची मुलगी आली. तिला टेबलावर नीट निजवायला इंगुन त्या दिवशी पायांकडे आली होती आणि तिथूनच तिनं मला सरकवलं. समोरून पाहताना डावं-उजवं उलटतं. मी गेले डाव्या कमरेखाली! माझ्यामुळेच सगळा भार त्या शिरेवर रेलला. मला कळत होतं. पण उशीला कुठलं आलंय तोंड?

भूल चढली, तशी मारित पुटपुटली, "इंगुन, मळमळतंय गं मला. बाबांच्या बोटीवर वादळातही कधी असं झालं नाही."

"थांब, रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा अजून फुगतोय," नर्स गेर्द म्हणाली. "आकडा तर येऊ दे."

"आकडा येईल मागाहून. पोट आधी सांगतं," म्हणत इंगुननं दाब चढवणारं औषध वाढवलं. दाब काही चढेना. उलट मारितची नाडी मंदावली. बाळाचे ठोकेही संथ झाले. इंगुननं मला चाचपायला चादरीखाली हात घातला.

"गेर्द, उशी डावीकडे आहे!"

"अगं बाई! ठेवली कुणी?"

"मीच, दुसरं कोण! उचल हिला, आधी उचल."

मी उजवीकडे गेले. वरचा भार हळूच कलंडला. दाब चढला, नाडी सावरली, आणि थोड्या वेळानं खोलीभर रडणं घुमलं.

"बाबांपेक्षा मोठा गळा आहे पोरीचा!" मारित रडता रडता हसली.

त्या दिवसापासून मला ठेवण्याआधी इंगुन आईचा हात हातात घेई. "हा तुझा उजवा ना?" आई "हो" म्हणाली, की मगच माझी पाळी.

आता टेबलं बटणानं कलतात. मी कपाटावर पडून असते. आस्लाउगबाईंचा शब्द खरा ठरला, एक टाका उसवलेला नाही. फक्त मधोमध खळगा पडलाय, कितीतरी आयांच्या भाराचा. मित्रांनो, मला खाली उतरवू नका हवं तर. कधीतरी धूळ झटका, पुरे. पण तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन ते बटण दाबणार असेल, तर आधी टेबलावरच्या आईचा हात हातात घ्या आणि तेवढं विचारा. डावं-उजवं बटणालाही कळत नाही.