डाव्या हाताची काजं

जेवणाच्या सुट्टीत मी ट्रायलरूममध्ये आडवी झाले, तेव्हा कोटाची दोन काजं झाली होती. उठून आले तर तीन.

आधी संशय घेतला तो स्वतःवरच. घेण्यासारखी परिस्थितीही होती. गेल्या हिवाळ्यापासून माझं डोकं असं चालतं की एकदा दूध गॅसवर ठेवलं, गॅस पेटवलाच नाही आणि उतू जाऊ नये म्हणून शेजारी राखण करत उभी राहिले. तेव्हा झोपेत एखादं काज करून मोकळी झाले असेन, त्यात अशक्य काय. शिवाय ते काज डाव्या हाताचं होतं. मी डावखुरी. काजाच्या कडेने दोऱ्याच्या गाठींची जी रांग बसते ती इतरांची एका अंगाला कलते, माझी दुसऱ्या. मास्तरांच्या या शिवणघरात डावा हात माझ्या एकटीचाच.

पण या गाठी घट्ट होत्या. दोरा ओढला की शेवटी मी तो किंचित सैल सोडते, गाठ आपली आपण बसते. हे काज म्हणजे दात आवळून बसलेलं तोंड.

"आई, तूच केलं असशील," संध्याकाळी लेक म्हणाली. "परवा नाही का मला दोनदा जेवायला वाढलंस?"

"आणि तू दोनदा जेवलीस. तुलाही तपासून घ्यायला हवं."

ती हसली, पण माझ्या हातातली कपबशी हळूच काढून घेऊन विसळायला गेली. आताशा घरात सगळे माझ्या हातातून वस्तू काढून घेतात. प्रेमानेच घेतात, पण चोरासारखे.

माझ्या आजाराचं नाव कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन डिसीज. फार कमी लोकांना होतो म्हणे. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं: जरा गारठा लागला की माझं शरीर माझ्याच रक्तातल्या तांबड्या पेशींवर संशय घेतं. या घरच्या नव्हेत असं समजून त्यांना एकमेकींना चिकटवतं आणि फोडून टाकतं. बोटांची टोकं निळी पडतात, ती लोकांना दिसतात. थकवा दिसत नाही, त्यामुळे तो कुणाला पटत नाही. "थकवा का, तो आम्हालाही येतो," असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. वाद घालायला बसून बोलावं लागतं, आणि मी तोवर आडवी झालेली असते. वेणी घालताना हात मध्येच खाली येतात आणि अर्धी वेणी घेऊन मी पलंगावर बसून राहते, एवढं सांगितलं तरी पुरे.

तर काज. चार दिवसांनी दुसऱ्या कोटावर तेच झालं. आता गाठी थोड्या सुधारल्या होत्या, आणि मला धडकी भरली ती त्यानेच. कुणीतरी माझा हात शिकत होतं. माझा हात कुणी कशाला शिकेल? माझ्या खुर्चीसाठी. दुसरं कारण सुचेना. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते हातच्या काजासाठी, आणि मास्तर कोट देण्याआधी प्रत्येक काजावरून अंगठा फिरवतात. महिन्याभरापूर्वी ते म्हणाले होते, "बाई, झेपत नसेल तर सांगा बरं का." रागावून म्हणाले असते तर मी उलट बोलले असते. मऊ आवाजात म्हणाले, म्हणून झोप उडाली. ही खुर्ची गेली तर मी दिवसभर घरी, आणि हातातून कपबशी काढून घेणाऱ्यांच्या ताब्यात.

शिवणघरात आम्ही तिघंच. मास्तर दुपारी जेवायला घरी जातात. उरली ती इस्त्रीवाली. तिला सगळे वाफेबाई म्हणतात. ती जिथे असेल तिथे वाफ असते आणि तोंडातूनही तीच निघते.

"झाली का राणीसाहेबांची झोप?" मी पडदा सारून बाहेर आले की तिचं ठरलेलं. "पालखी बोलावू का टेबलापर्यंत?"

याच बाईने थंडी सुरू होताच आपलं इस्त्रीचं टेबल ओढून माझ्या खुर्चीला चिकटवलं होतं. तिकडचा प्लग सैल झालाय म्हणे. मी त्या प्लगमध्ये इस्त्रीची वायर लावून पाहिली होती. चांगला घट्ट होता. म्हणजे पाळत ठेवायलाच ती जवळ आली होती.

मीही पाळत ठेवायची ठरवली. दुपारी ट्रायलरूममध्ये गेले, कुणीतरी शिवून घेऊन न्यायला न आलेला कोट अंगावर ओढला, पडद्याला फट ठेवली आणि डोळे उघडे ठेवून पडले. वाफेबाईने डबा धुतला. हात पुसले. टेबलाकडे आली. यापुढचं मला सांगता येत नाही, कारण गुप्तहेर झोपला.

उठले तेव्हा ओव्हरकोटाची खालची दोन काजं तयार. मी खुर्चीत बसले, आणि ती शर्ट पालथा करताना माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. पहिल्या बोटाला चिकटपट्टी.

"काय झालं गं बोटाला?"

"इस्त्री लागली."

"इतक्या वर्षांत नाही लागली ती."

"मग काय, तुझी परवानगी घेऊन लागणार होती?"

"दाखव."

"तू डॉक्टर कधी झालीस?"

मी हात धरला आणि पट्टी उचलली. भाजल्याचा डाग नव्हता. टोचल्याचे ठिपके होते, जवळजवळ. उजव्या हाताने शिवणारीला सुई टोचते ती डाव्या बोटाला, कापड त्याच हाताने धरलेलं असतं. उजवं बोट टोचून घेते ती डाव्या हाताने शिवणारी. माझं उजवं बोट वर्षानुवर्षं असंच आहे.

"खुर्ची हवी होती तर सरळ मागायची," मी म्हणाले.

तिने शर्ट बाजूला सारला. मग इस्त्री उभी केली.

"तुझी ही खुर्ची? एक पाय आखूड असलेली? बाई गं, वेडी आहेस का. तू गेलीस तर मास्तर काजाचं मशीन आणणार. मशीनला जागा लागते. ती कुणाची जाणार? माझ्या टेबलाची. मी काय तुझ्यासाठी बोटं टोचून घेत नाही, माझ्या पोटासाठी घेते. आणि उजव्या हाताने केली असती तर म्हाताऱ्याने अंगठा फिरवताच ओळखलं असतं."

मला एकदम बरं वाटलं. तिला माझी दया आली असती तर मी तिला माफ केलं नसतं. स्वार्थ आपल्याला कळतो, त्याच्या शेजारी बसता येतं.

तेवढ्यात मास्तर आले. टांगलेला ओव्हरकोट त्यांनी उतरवला आणि वरून खाली अंगठा फिरवत गेले. चौथ्यावर थांबले. परत मागे गेले, परत चौथ्यावर आले.

"बाई, ही सगळी तुमचीच ना?"

वाफेबाई कपडा नसलेल्या ठिकाणी इस्त्री करू लागली. हो म्हटलं असतं तर आजचा दिवस निभावून गेला असता. मग उद्याही झोपेतून उठून आधी काजंच मोजली असती.

"वरची तीन माझी, खालची दोन हिची," मी म्हणाले. "सगळी एका दमात होत नाहीत मला, मास्तर. होणारही नाहीत."

त्यांनी कोट उजेडाकडे धरला.

"खालची आवळल्यासारखी झालीत," ते म्हणाले. "शिकवा तिला नीट. गिऱ्हाईक बोंबलेल." आणि कोट माझ्या मांडीवर टाकून कापायला गेले.

चौथं काज उसवता उसवता मी वाफेबाईला दोरा सैल सोडायला शिकवत होते. ती म्हणत होती, "हळू सांग, राणीसाहेब, मला काही घाई नाही." सहज माझी नजर खिडकीपाशी गेली. तिथला कोपरा रिकामाच आहे, कधीपासून. अस्तराचे दोन तागे उभे केलेत, बाकी मोकळा. शेजारी प्लगसुद्धा आहे.

"अगं, मशीन त्या कोपऱ्यात मावलं असतं की," मी म्हणाले.

तिने सुईवरून नजर उचलली नाही.

"कुठलं मशीन?" म्हणाली, आणि कोपराने गरम इस्त्री माझ्या निळ्या बोटांच्या बाजूला आणखी थोडी सरकवली.