बरोबरीची किंवा सरस

नापासकाकांनी जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्या ताटाशेजारी, एक मोजा ठेवला. राखाडी, टाचेशी विरलेला आणि एकटाच.

“हे बघ,” ते म्हणाले. “आज हे.”

काकू पेल्यात पाणी ओतत होत्या. “धुतलेला आहे ना?”

“प्रश्न तो नाही. प्रश्न दर्जाचा आहे. मी डब्यात काय ठेवलं होतं? कात्री. खोक्यातून न काढलेली, नवीकोरी. ती कोणीतरी उचलली आणि बदल्यात काय ठेवलं? मोजा. एक. तोही डाव्या पायाचा.”

“मोज्याला डावा-उजवा असतो होय?”

“विकत घेताना नसतो, वापरून होतो. ही अंगठ्याची बाजू बघ, कशी झिजलीय. हा माणूस डाव्या पायावर भार देऊन उभा राहतो, नखं वेळेवर कापत नाही आणि वस्तू फाटली तरी टाकून देत नाही. कळकट माणूस.”

काकूंनी मोज्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. “असेल बाई,” त्या म्हणाल्या. “काय एकेक नमुने असतात.”

नापासकाकांना आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते कारखान्याच्या हजेरीपटातच राहिलं. कडी-कोयंडे आणि बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासनीस होते. हाताशी दोन शिक्के असायचे, एक ‘पास’चा आणि एक ‘नापास’चा, त्यातल्या पहिल्याची शाई वाळून खडखडीत झालेली असते, अशी कामगारांत बोलवा होती. बिजागरी डोळ्यांसमोर लांब धरायची, उजेडाकडे वळवायची, एक डोळा बारीक करायचा आणि शिक्का उचलायचा. आयुष्य यातच गेलं आणि सुखात गेलं.

निवृत्त झाल्यावर तपासायला घरच उरलं. त्यांनी दारं नापास केली, पाववाल्याचे पाव नापास केले, शेजाऱ्यांच्या नव्या सोफ्याला शेजाऱ्यांच्याच देखत नापास केलं. काकूंच्या नाकी नऊ आले. शेवटी एक दिवस त्या म्हणाल्या, “अहो, हा कारखाना नाही. इथे नापास झालेला माल बदलून मिळत नाही. पदरात पडलं ते चालवून घ्यावं लागतं. मी नाही का घेतलं?”

हे वर्मी बसलं. त्या दिवसापासून नापासकाका खिडकीतल्या खुर्चीत बसायला लागले. काही विचारलं की “हं” म्हणायचे, फारच आग्रह झाला तर “बघू.” सकाळी बसलेला माणूस दिवे लागले तरी तिथेच. काकूंना वाटलं होतं, चला, कटकट मिटली. पण ती मिटल्यावर घरात जी शांतता झाली, ती त्यांना कटकटीपेक्षा जड जायला लागली.

त्यातून मार्ग काढला जावयाने. त्याने सासऱ्यांना जिओकॅशिंगचा खेळ शिकवला. कोणीतरी एक डबा कुठेतरी लपवायचा, जागेचा ठावठिकाणा मोबाईलवर टाकायचा. बाकीच्यांनी तो शोधायचा, सापडला की मोबाईलवर तशी नोंद करायची. डब्यात चार वस्तू असतात. हवी ती घ्यावी, पण तिच्या बदल्यात बरोबरीची किंवा सरस वस्तू ठेवावी.

“बरोबरीची किंवा सरस,” नापासकाका सावकाश म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते खुर्चीत ताठ बसले होते.

घरामागच्या टेकडीवर पाण्याची जुनी टाकी होती. तिच्याजवळच्या दगडी बांधात, एका सुट्या दगडामागे, त्यांनी आपला डबा दडवला. जागा अशी अवघड, की मोबाईलवर तिला पाचपैकी चार इतकी कठीण श्रेणी मिळाली. ठिकाण कोणाला सांगायचं नसतं, असा या खेळाचा दंडक आहे. म्हणून त्यांनी ते काकूंशिवाय कोणाला सांगितलं नाही. काकूंना मात्र तीनदा सांगितलं, शेवटच्या वेळी नकाशा काढून.

पहिल्या काही दिवसांत लोक आले. एका जोडप्याने तर लिहिलं, ‘इतक्या चांगल्या वस्तू आजवर कुठल्याच डब्यात मिळाल्या नव्हत्या.’ हे वाक्य नापासकाकांनी काकूंना वाचून दाखवलं, मग फोनवर मुलीला, मग कारण नसताना दूधवाल्याला.

पुढे मात्र दर्जा घसरला, आणि असा घसरला की विचारता सोय नाही. त्यांनी भिंग ठेवावं, तर ते जाऊन गोळ्यांची रिकामी पट्टी यावी. छोटी विजेरी ठेवावी, तर तिच्या जागी शाम्पूची कापलेली पुडी. बाटलीचं झाकण उघडायची चावी गेली आणि नुसतं झाकण आलं, तेव्हा तर त्यांना रात्रभर झोप लागली नाही. पण माघार घेतील ते नापासकाका कसले? विकत आणलेल्या वस्तू संपल्यावर त्यांनी घरातल्या, आपल्या मते पडून असलेल्या, वस्तू न्यायला सुरुवात केली. चांगला माल ठेवत राहिलं तर लोकांना कधीतरी लाज वाटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. नव्या कोऱ्या कात्रीवर मोजा आला, तो याच धोरणात.

एका रविवारी मुलगी-जावई आले होते, तेव्हा त्यांनी सगळे नमुने टेबलावर मांडून दाखवले. जावयाने मोबाईल काढला, बराच वेळ चाळला आणि जरा चाचरतच म्हणाला, “बाबा, पण इथे तर कितीतरी दिवसांत कोणाची नोंदच नाही. मला वाटतं, वरती कोणी येतच नसावं. चढ फार आहे.”

“नोंद करत नाहीत. कुठल्या तोंडाने करतील? मोजा ठेवला, असं लिहितील?”

“तरी एखादा तरी...”

“कोणी येत नाही, तर हे सगळं काय भुतं आणून टाकतात?”

“दूध उतू जातंय वाटतं,” असं म्हणून काकू आत गेल्या. दूध सकाळीच तापवून झालं होतं.

जावयाचं बोलणं मात्र नापासकाकांच्या डोक्यात रुतून बसलं. डब्यावर कोणी येत नसेल तर उरलं काय? खिडकी आणि खुर्ची. त्यांनी ठरवलं की आता चोर डोळ्यांनी बघायचाच.

आमिष म्हणून काय ठेवावं, यासाठी त्यांनी कपाटाचा खण उघडला, तर आत मोजायची टेप. त्यांना आश्चर्य वाटलं. अशीच टेप त्यांनी मागच्या आठवड्यात डब्यात ठेवली होती आणि ती गेलीही होती. त्यांनी पट्टी ओढून बघितली, सोडून बघितली, टोकाचा पत्रा नखाने तपासला. “आपल्याकडे दोन होत्या वाटतं,” ते काकूंना म्हणाले. “एकाच लॉटमधल्या. तंतोतंत सारख्या.”

“असतील,” काकू म्हणाल्या आणि एकदम खोकल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेप डब्यात ठेवली. दुपारी चपला घालताना म्हणाले, “चष्म्याची काडी सैल झालीय. दुकानात जाऊन येतो. वेळ लागेल.”

“सावकाश या,” काकू म्हणाल्या. “काही घाई नाही.”

नापासकाका टाकीच्या आड, एका फुटक्या पालथ्या बादलीवर जाऊन बसले. एक धावणारा मुलगा आला नि गेला. एक बाई कुत्र्याला घेऊन आल्या. कुत्र्याने बांध हुंगला, बाईंनी नाही. मग बराच वेळ कोणी नाही. ऊन सरकत होतं. नापासकाका उठून उभे राहिले, भिंतीला टेकले, पुन्हा बसले. चोराला पकडायला आलेल्या या माणसाला आता मनापासून वाटायला लागलं, की चोर तरी येऊ दे.

अखेर पायवाटेवर चाहूल लागली. हातात पर्स, चार पावलं चालायचं आणि थांबायचं, गुडघ्यावर हात ठेवून श्वास घ्यायचा, अशी एक बाई वर येत होती. काकू. डॉक्टरांनी त्यांना चढ टाळायला सांगितलं होतं, हे नापासकाकांना आत्ता आठवलं. ही मला शोधत आली की काय, असं वाटून ते पुढे होणार, तोच काकू बांधाशी गेल्या, कण्हत खाली बसल्या आणि दुसऱ्या एकाही दगडाला हात न लावता नेमका तोच दगड बाजूला केला.

त्यांनी डबा उघडला, टेप काढली आणि शाळा सुटल्यावर पोराला ताब्यात घ्यावं तशी पुसून पर्समध्ये घातली.

नापासकाकांच्या डोक्यात तिडीक गेली. चोर घरातलाच! टेप एकच होती, कात्रीही घरातच असणार. जाऊन जाब विचारावा म्हणून त्यांनी पाय उचलला, पण काकूंचं काम अजून संपलं नव्हतं. त्यांनी पर्समधून दोन-तीन वस्तू काढून दगडावर मांडल्या. एक पेनाची कांडी उचलली, तळहातावर ओढून बघितली. उमटली. त्यांनी मान हलवली आणि ती परत पर्समध्ये टाकली. मग केसांची क्लिप घेतली, लांब धरली, उजेडाकडे वळवली, एक डोळा बारीक केला. क्लिप धडधाकट होती. काकूंनी तिचा एक दात मोडला. पुन्हा लांब धरून बघितली, समाधान झालं नाही, आणखी एक मोडला. मग ती डब्यात ठेवली.

नापासकाकांचा उचललेला पाय तसाच राहिला. संध्याकाळी ते टेकडीवरून आले, की चपला काढायच्या आत काकू विचारायच्या, “आज काय टाकलं हो मेल्यांनी?” मग ते जेवण होईपर्यंत बोलत राहायचे, तावातावाने, हातवारे करून. वस्तूच परत हव्या असत्या तर काकूंनी पहिल्याच दिवशी दोन शब्दांत ठणकावलं असतं. त्या काही भिडेखातर गप्प बसणाऱ्या नव्हेत. त्या हे गुडघे घेऊन इथवर चढत होत्या ते नवऱ्याला रागवायला काहीतरी मिळावं म्हणून. म्हणजे पहिले काही दिवस सोडले तर या डब्यावर दुसरं कोणीही आलं नव्हतं. नापासकाकांना आधी त्याचंच फार वाईट वाटलं. त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी दाटून आलं, त्याच्यासाठी मात्र त्यांच्याकडे कुठलाच शिक्का नव्हता. त्यांनी खाली पाहिलं. ते डाव्या पायावर भार देऊन उभे होते.

काकूंनी दगड जागेवर लावला आणि उठायला गेल्या. उठता येईना. बांधाला धरून बघितलं, पर्स बाजूला ठेवून दोन्ही हात टेकून बघितले. पुन्हा खाली बसल्या.

नापासकाका पळाले. टाकीला मागून वळसा घातला, काट्यांतून पायवाटेवर उतरले आणि तिथून मोठमोठ्याने खोकत, आत्ताच येतोय अशा थाटात, वर आले.

“अगं, तू? इथे कशी?”

“फिरायला आले होते. तुमचा चष्मा झाला?”

“दुकान बंद होतं. बसलीस का अशी?”

“देखावा बघत होते.”

समोर टाकीची शेवाळलेली भिंत होती.

“छान आहे,” नापासकाका म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

उठल्यावर काकू म्हणाल्या, “आलाच आहात तर डबा बघून घ्या की.”

नापासकाकांनी डबा काढला, उघडला आणि क्लिप तळहातावर घेतली. “बघ. टेप नेली आणि हे ठेवलं.”

“शी. काय हो हे?”

“क्लिप. दोन दात गेलेली. आणि हे दात झिजून गेलेले नाहीत, मुद्दाम मोड...” काकूंचा चेहरा त्यांना दिसला. “मोडीतला माल असणार. कोणा अप्पलपोट्याने भंगारातून उचललाय. बरोबरीची किंवा सरस म्हणे.”

मग उतार संपेपर्यंत ते बोलत राहिले. काकूंचा हात त्यांच्या खांद्यावर होता. क्लिप, ती बनवणारा, विकणारा आणि डब्यात टाकणारा, यांतल्या कोणालाही त्यांनी सोडलं नाही. काकू मधेमधे “हो ना”, “कमालच आहे” म्हणत होत्या.

दोनच दिवसांनी जावयाचा फोन आला. “बाबा, डबा हलवलात? घरासमोरच्या बागेच्या फाटकाशी, बाकामागे? श्रेणी चारावरून एकवर आली. आता काही मजाच नाही, कोणीही शोधेल.”

“शोधू दे की,” नापासकाका म्हणाले.

रात्री जेवताना त्यांनी ताटातून डोळे वर न करता सांगितलं, “डबा खाली आणला. आपल्या समोरच. वर चढायला लोकांना त्रास होतो.”

काकूंनी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

“बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “लोकांचे गुडघे दुखतात हो हल्ली.”

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू पर्स घेऊन बाहेर पडल्या. नापासकाका खिडकीतल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, आणि रस्ता ओलांडून गेलेली पावलं परत येऊन दाराशी चपला निघेपर्यंत ते खाली केलं नाही.